बंद साइटवाली

"टीचर, आधी फोन झोपवा, मग बोलू."

घरात शिरल्याबरोबर तिचं पहिलं वाक्य हेच. पाणीसुद्धा नंतर. माझ्या हातातला फोन ती अलगद काढून घ्यायची, त्यावर स्वतःचा ठेवायची आणि दोन्ही फोन स्वयंपाकघरातल्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण दाबायची. मी ओरडायचे, "अगं, पोह्यात कशाला?" तर म्हणायची, "राहू दे ना. ऐकणाऱ्यालाही जरा भूक लागू दे."

डब्यात ठेवून खरंच काही ऐकू जात नाही का, हे मी तिला एकदा विचारलं. मी शास्त्राची शिक्षिका, मला असले प्रश्न पडतात. ती हसून म्हणाली, "आवाज तरी कोंडतो, टीचर. बाकी देवाच्या हातात."

असा एखादा नग तुमच्याही आजूबाजूला असेलच. आमच्या अंधेरीच्या सोसायटीत तिला सगळे बंद साइटवाली म्हणायचे. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गावठाण आहे, तिथल्या क्रुसाच्या गल्लीत तिचं घर. चाळिशीला टेकलेली, कायद्याचं शिकलेली, लग्न न केलेली. त्या गल्लीत शिक्षकांना टीचरच म्हणतात, म्हणून मीही टीचर. तिला मी शिकवलेलं नाही. तिच्या धाकट्या भावाला शिकवलंय, आणि तो अनुभव मी अजून विसरलेले नाही.

तिला कुठल्याशा संस्थेची फेलोशिप होती. इंटरनेटवरच्या कुठल्या साइट आपल्या देशात बंद आहेत, त्या कोण बंद करतं आणि आपण काय बघतो हे कोण बघतं, यावर संशोधन. हे गल्लीत समजावून सांगणं म्हणजे दिव्य. फेलोशिप म्हणजे नोकरी नाही, कारण ऑफिस नाही. शिक्षण नाही, कारण परीक्षा नाही. तिच्या आईला कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर ती बिचारी सुस्कारा टाकून सांगायची, "जे दिसत नाही, ते बसून बघते."

एकदा घर आशीर्वादायला फादर आले होते. हिने त्यांचाही फोन काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. ऐन प्रार्थनेत तांदळातून भक्तिगीत वाजायला लागलं. आई हात जोडून डोळे मिटलेली, फादरना हसू आवरेना, आणि ही गंभीर चेहऱ्याने डब्यावर उशी ठेवून परत गुडघ्यावर.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर ती टिकली लावायची. त्यासाठी नाक्यावरच्या बांगडीवाल्याकडून पाकिटंच्या पाकिटं न्यायची. ख्रिश्चन मुलगी एवढ्या टिकल्या कशाला नेते, याची त्याने माझ्याकडे चौकशी केली. मी म्हटलं, "लॅपटॉप सवाष्ण आहे तिचा." दुकानात बिलाच्या काउंटरवर मोबाईल नंबर मागितला की ती विचारायची, "कशाला? बटाटे घरी पोचले का, ते विचारणार आहात?" मागे रांग खोळंबायची. मी तिच्याबरोबर बाजारात जाणं सोडून दिलं होतं, खरंच सांगते.

पण एका बाबतीत तिच्यासारखी कडक बाई मी पाहिली नाही. तिला लोकांच्या घरी एक छोटी डबी बसवायची असायची. साबणाच्या डबीएवढी, पांढरी, वायफायच्या यंत्राला जोडायची. ती डबी दिवसभर एका यादीतल्या साइटची दारं ठोठावायची आणि कुठलं उघडलं, कुठलं बंद, याची नोंद ठेवायची. ज्यांच्या घरी डबी बसवायची त्यांना ती सगळं समजावून सांगायची आणि मग 'हो' म्हटलं तरी निघून जायची. चार दिवसांनी परत यायची, परत सगळं सांगायची, परत विचारायची. असं तीनदा.

"पहिला हो भिडेचा असतो, टीचर. दुसरा कौतुकाचा. तिसऱ्याला माणूस जरा विचार करतो."

माझं घर तिला फार मोलाचं होतं. तिच्या बाकीच्या सगळ्या डब्या बड्या कंपन्यांच्या नेटवर होत्या. आमच्या सोसायटीत मात्र सगळ्यांनी केबलवाल्याचंच ठेवलं होतं, कारण बिघडलं की तो हाक मारल्यावर येतो. अशा छोट्या केबलवाल्यांच्या लाईनवर काय बंद असतं, हे म्हणे कोणी नीट तपासलंच नव्हतं. तिचा निम्मा अहवाल माझ्या घरातल्या डबीवर उभा राहणार होता.

तीनदा आली. तीनदा मी मेथी निवडत, पण कान देऊन ऐकलं. "यादीत सगळ्या प्रकारच्या साइट असतात, टीचर. बातम्यांच्या, राजकारणाच्या, जुगाराच्या, आणि... सगळ्या प्रकारच्या." मी तीनदा हो म्हटलं. डबी बसली. तिच्यावर मी क्रोशाचा रुमाल घातला.

आता माझ्या वर्गाबद्दल सांगायला हवं. आमचे हे गेल्यापासून संध्याकाळी मी सोसायटीतल्या मुलांना घरी शिकवते. गणित, शास्त्र, जे अडेल ते. फुकट. लोकांना वाटतं मी समाजसेवा करते. कसली समाजसेवा! संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणून मुलं बोलावते. ती येतात म्हणून मी दुपारी झोपून उठल्यावर केस विंचरते. एवढं साधं आहे ते.

तर डबी बसल्यावर काही आठवड्यांनी मुलं गळायला लागली. एकीची आई म्हणाली, "तिला आता डान्स लावलाय, टीचर." दुसरीची म्हणाली, घरीच अभ्यास घेणार. तिसऱ्याचे वडील लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बघता बघता बैठकीच्या सतरंजीवर एकच मुलगा उरला, आणि तोही तेवढ्यापुरताच, कारण त्याचे आईवडील गावी गेले होते. ते आल्यावर तोही बंद झाला. मी संध्याकाळी सतरंजी घालायचे आणि अंधार पडला की उचलायचे. कोणाला विचारायची हिंमत होईना. वाटलं, आपलं शिकवणं जुनं झालं.

शेवटी एके दिवशी सेक्रेटरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"टीचर, राग मानू नका. तुमचा वायफायचा पासवर्ड कोणाला दिलाय का?"

"का? तुम्हाला हवाय?"

"छे छे! म्हणजे... तुमच्या लाईनवरून काही साइट उघडतात. केबलवाला म्हणत होता. दिवसभर."

"कसल्या साइट?"

सेक्रेटरी पंख्याकडे बघायला लागले. "तसल्या."

"तसल्या म्हणजे?"

"आता टीचर, तुम्ही एवढ्या शिकलेल्या... लहान मुलं येतात तुमच्याकडे, म्हणून आपलं."

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. पडला तेव्हा आधी हसू आलं, आणि मग लिफ्टमधली ती पाठ आठवली. झालं होतं असं: कोणीतरी नेट हळू चालतं म्हणून तक्रार केली. केबलवाल्याने कोणाची लाईन जास्त चालते ते पाहिलं. माझी निघाली. साइटची नावं वाचून त्याने सेक्रेटरींना सांगितलं, सेक्रेटरींनी बायकोला, आणि पुढचं तुम्हाला सांगायला नको. अख्ख्या सोसायटीला माहीत, फक्त मला नाही. या वयात ही शोभा!

मी तिला बोलावून घेतलं. त्या दिवशी ती फोन झोपवायचंही विसरली. सगळं ऐकून मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"वाट लागली, टीचर. माझी चूक आहे. पूर्ण माझी."

"पण तू मला सांगितलं का नाहीस, की त्या यादीत तसल्याही साइट आहेत?"

"बाकी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. प्रत्येक घरी." ती बोटांमधून माझ्याकडे बघत होती. "तुमच्यासमोर तो शब्द तोंडातून निघेना. तीनही वेळा ठरवून आले होते. तुम्ही टीचर ना!"

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि दुसराच आला. "अगं मूर्ख मुली, मी पस्तीस वर्षं प्रजननसंस्था शिकवली! तुझ्या भावाच्या वर्गालाही शिकवला तो धडा! आणि तू माझ्यापुढे लाजतेस?"

ती हसली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम. मी चहा टाकला.

चहा पिता पिता तिने सांगितलं, की सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगमध्ये येऊन ती सगळ्यांना खरं काय ते सांगणार. मी विचारलं, मग तुझ्या कामाचं काय? तिने कप खाली ठेवला आणि सांगितलं. फेलोशिपचा नियम असा होता, की डबी कुठल्या घरात आहे हे बाहेर फुटलं, की त्या घरातल्या नोंदी बाद. म्हणजे निम्मा अहवाल गेला. आणि मुदत संपत आलेली, नवीन घर शोधायला वेळ नाही.

मी म्हटलं, "मग थांब. तुझं काम होऊ दे. मी गप्प बसते. लोक काय, आज बोलतात, उद्या विसरतात."

"आणि मुलं?"

माझी नजर घडी घातलेल्या सतरंजीकडे गेली. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं, कोण जाणे. ती उठली आणि डबीची वायर काढली.

"टीचर, ज्याला तुम्ही हो म्हणालात, ते मी तुम्हाला पुरतं सांगितलंच नव्हतं. तुमचा तो हो मला वापरता येणार नाही. लोकांना कळो, न कळो."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सोसायटीची मीटिंग भरली. पाण्याच्या टाकीचा विषय संपत आला आणि ही उभी राहिली. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही मेंबर नाही." ती म्हणाली, "दोन मिनिटं द्या, मग हाकला."

आणि माझ्यासमोर जो शब्द तिला बोलवत नव्हता, तो तिने भरल्या सभेत खणखणीत उच्चारला. "टीचरच्या घरून अश्लील साइट उघडत होत्या. त्या मी उघडत होते. ही बघा डबी. यादी माझी, मशीन माझं, काम माझं. टीचरना मी नीट सांगितलं नाही, ती चूकही माझी. त्यांनी एकही साइट पाहिलेली नाही." मागच्या खुर्चीवरून कोणीतरी फिसकन हसलं. तिचे कान लाल झाले होते, पण ती हलली नाही. गावठाणातली अविवाहित मुलगी हे बोलतेय, आता दुपारपर्यंत गल्लीभर होणार, हे तिला माहीत होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की उठून उभं राहावंसं वाटलं. मग मी राहिलेच उभी, तिच्या शेजारी जाऊन.

मग ती भिंतीला टेकलेल्या केबलवाल्याकडे वळली. रागाने नाही, अगदी कुतूहलाने. "भाऊ, टीचरच्या लाईनवरची नावं तुम्हाला कशी दिसली?"

"दिसतात ना, मॅडम. साइट कुठली ते दिसतं. आत काय बघतात ते नाही दिसत."

"फक्त टीचरची दिसतात?"

"नाही. सगळ्यांचीच दिसतात."

पार्किंगमध्ये टाकीत पाणी पडताना ऐकू आलं. मघाशी हसलेला गृहस्थ चष्मा पुसायला लागला. लिफ्टमध्ये पाठ फिरवणाऱ्याने खिशातला फोन काढला आणि परत ठेवला. दोन बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. केबलवाला बिचारा सगळ्यांकडे बघून निरागस हसत होता.

सेक्रेटरी ताडकन उठले. "झकास! गैरसमज दूर झाला. टीचरची सोसायटीतर्फे माफी मागतो. यापुढे कोणीही कोणाच्या लाईनची चौकशी करायची नाही. विषय संपला!" एवढ्या एकमताने आमच्या सोसायटीत दुसरा ठराव झालेला मला आठवत नाही. सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरलेला दिसत होता, आणि सर्वांत मोठा माझ्या.

तिचा अहवाल मात्र निम्माच सादर झाला. फेलोशिपवाल्यांनी ठेवून घेतला, पण छोट्या केबलवाल्यांचं प्रकरण त्यात नव्हतं. मी हळहळले की म्हणायची, "जाऊ दे ना, यार." मला यार म्हणणारी ती एकटीच. पुढे तिला दुसरी फेलोशिप मिळाली, लांबच्या शहरात. तिथल्या छोट्या केबलवाल्यांपासून ती परत सुरुवात करणार होती.

ती निघाली ती वेळ नेमकी संध्याकाळची. सगळी मुलं परत आली होती आणि येताना दोन-चार नवीनही घेऊन आली होती. मी पचनसंस्था शिकवत होते. ती पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन दारात आली आणि थांबली. उंबऱ्याबाहेर मुलांच्या चपलांचा एवढा ढीग, की पाय ठेवायला जागा नव्हती.

"टीचर, आत येता येत नाहीये," ती तिथूनच हसत म्हणाली. "मी जाते."

"जा," मी म्हटलं. "पोचलीस की कळव."

हातात खडू, फळ्यावर अर्धं जठर, समोर मुलांचा कालवा. मी इतकी खूश होते, की ती चाललीय याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. ते दुसऱ्या दिवशी वाटलं.