मावशी, घाण कुठाय?

माझी भाची शेतकी कॉलेजात शिकती. तिचा फोन आला, "मावशी, तुमच्या लिंबोणीला खैऱ्या रोग पडलाय म्हणे. उद्या बघायला येते." आता मला सांगा, पोरगी एवढी मॅडम होऊन यायली, आन आपलं झाड खरजुल्या कुत्र्यासारखं! पानावर खवले, लिंबावर खवले. सकाळीच पदर खोचला. डागाची पानं-लिंबं तोडून चुलीत घातली, खालचा पाचोळा जाळला, वरून ब्लीचिंगच्या पाण्यानं आळं धुऊन काढलं. रांगोळी तेवढी राहिली.

पोरगी मुखेडच्या बसनं आली. हातात डब्या आन चिमटा. झाडाखाली उभी राहून म्हणते, "मावशी, घाण कुठाय?"

"हे काय इचारणं झालं?"

मग तिनं सांगितलं. खैऱ्या करणारे जिवाणू असतेत, आन त्या जिवाणूला मारणारे विषाणू. रोगट पाला जिथं कुजतो, तिथंच ते सापडतेत. ती किती बागा हिंडली, पण जिथंतिथं औषधं मारलेली. हाती काही लागलं न्हाई.

"म्हणजे उवेच्या अंगावरची ऊ?"

"हाव. तीच धरायला आले होते. तुम्ही तिला ब्लीचिंग पाजलं."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिचा सगळा प्रबंध तेवढ्यावर अडकलेला.

तेवढ्यात माझं ध्यान भिंतीकडं गेलं. लिंबोणीची एक फांदी पलीकडं, धाकट्या जावेच्या अंगणात गेलेली. तिथला पाला जावेनं जन्मात झाडला न्हाई. त्यावरून मी तिला आळशी, गचाळ, काय काय बोललेली, तेही सोयऱ्यांसमोर. आता तिच्या दारात जाऊन मागायचं काय? तर कचरा!

पोरीला घेऊन गेले.

"का ओ अक्का, वाट चुकल्या?"

"थोडा पाला पाहिजे होता."

"माझ्या गचाळ अंगणातला?" जाऊ कमरेवर हात ठेवून उभी. "आधी म्हणा, अंगण लई झकास हाय."

भाची माझ्या तोंडाकडं बघून राहिली. मी म्हणलं. दात-ओठ खात, पण म्हणलं.

पोरीनं गुडघे टेकून कुजका पाला आन माती डब्यात भरून नेली. महिन्याभरानं फोन आला, विषाणू सापडला! त्याच्यापासून खैऱ्याचं औषध व्हायला लई दिवस लागतील, व्हईल का न्हाई तेही ठाऊक न्हाई म्हणाली. पण प्रबंधाची गाडी मार्गी लागली.

भिंतीवरून जावेला सांगितलं. ती बाजेवर पसरलेली, भोवती घोट्याइतका पाला.

"बघा अक्का," ती हललीसुद्धा न्हाई. "तुम्ही आळशी म्हणून राहिल्या, अन् मी इतकी वर्षं संशोधन करून राहिले!"