सुपातला तंबाखू आणि आरतीचा दमा

आरती रडत नव्हती, म्हणून मी घाबरले. दमा उफाळलेलं मूल कॅज्युअल्टीत किंचाळत आलं, तर मी निवांत असते. किंचाळायला हवा लागते, म्हणजे ती आत-बाहेर होतेय. ही नऊ वर्षांची पोर खाटेवर पुढे वाकून गप्प बसली होती, ओठ निळसर. स्टेथोस्कोप लावला तर छातीत शिट्टीसुद्धा वाजेना. याला आम्ही सायलेंट चेस्ट म्हणतो. हवा इतकी कमी जातेय की आवाज करायलाही पुरत नाही.

ऑक्सिजन, नेब्युलायझर, इंजेक्शनं, सगळं झालं. दुपारी तिनं पाणी मागितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग मी तिच्या आईवर भडकले. सुरेखा तिला याआधीही अशीच घेऊन आली होती, आणि दर वेळी मी तीच यादी वाचली होती.

"पंप देतेस का रोज?"

"देतीय की मॅडम. दोन्ही येळंला."

"गादी?"

"उन्हात टाकतीय. खोळी उकळत्या पाण्यात धुतीय. मांजरबी मंद्रूपला भावाकडं सोडून आली."

दम्याच्या पेशंटची श्वासनळी चिडकी असते. ज्या बारीक गोष्टीनं ती चिडते, तिला ॲलर्जन म्हणायचं. गादीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, झुरळांची घाण, बुरशी, जनावरांचा कोंडा. औषध किती द्यायचं हे नंतर, आधी घरातलं ॲलर्जन कमी करायचं. सुरेखानं ते सगळं केलं होतं. मग पोर निळी का पडत होती?

"घरात कोणी बिडी ओढतं?"

"कोण न्हाय."

"तू काय काम करतेस?"

"घरीच असती मी."

दोन्ही उत्तरं खरी होती. पण ती वाकली तेव्हा पदराला कच्च्या तंबाखूचा वास आला. मी सोलापुरात दवाखाना चालवते, मला त्या वासाची ओळख कोणी करून द्यायला नको. पुन्हा पुन्हा ॲडमिट होणाऱ्या पेशंटचं घर बघायचं, अशी माझी पद्धत आहे. आरतीला घरी सोडल्यावर त्याच आठवड्यात मी कुंभारीला सुरेखाच्या घरी गेले.

भर उन्हाळा, आणि दार-खिडकी बंद. पंखा बंद. मी येणार हे माहीत असूनही सुरेखा घाईघाईनं सूप खाटेखाली सरकवत होती. सुपात तंबाखू, कापलेली पानं, दोऱ्याचं रीळ. पंखा लावला की तंबाखू उडतो आणि पान वाळून तडकतं, म्हणून बिडी वळणारी बाई वाऱ्याला घरात घेत नाही. आणि मी प्रत्येक भेटीत तिला सांगत होते, खिडक्या उघड्या ठेव, हवा खेळती ठेव. ती मान डोलवत होती.

कोपऱ्यात ओलं गोणपाट होतं. बिडीचं पान भिजवून रात्रभर गोणपाटात गुंडाळून ठेवतात, म्हणजे ते मऊ पडतं. त्याला कुबट, बुरशीचा वास येत होता. ते ठेवायचं घरातल्या सगळ्यात थंड जागी. त्याच थंड जागी, गोणपाटाला लागूनच, आरतीची गादी होती. खोळ पांढरीशुभ्र. त्या खोळीकडे बघून मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी ओरडते.

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! खोळी कसल्या उकळत बसलीस? सांगितलं का नाहीस?"

"तुमी काम सोडायला लावलं असतं की."

"लावणारच होते."

"मग? ह्यांचा माग बंद पडलाय. ह्या सुपावर घर हाय मॅडम."

तिचा नवरा दाराशी उभा होता.

काम सोड म्हणण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, बिड्या घराबाहेर वळ. नवऱ्यानं मागं पत्रा मारून दिला. पानं, तंबाखू सगळं तिकडे गेलं. झटके कमी झाले, थांबले नाहीत. थांबणार कसे? भिंतीला भिंत लागलेली, डावीकडे बिड्या वळतात, उजवीकडे वळतात, समोर वळतात. एका घरातून ॲलर्जन काढता येतं, गल्लीतून कसं काढणार? पावसाळ्याच्या शेवटी आरती पुन्हा ॲडमिट झाली.

मी सुरेखाला बाजूला घेतलं. "मंद्रूपला भावाकडे बिडी वळतात का?"

"न्हाय. शेती हाय."

"आरतीला तिकडं ठेव. शाळा तिकडंच. मांजर, कडबा आणि मळणीपासून लांब ठेवायला सांग."

"आदी मांजर धाडलं, आता पोरगी धाडू व्हय?"

मी पंपाची चिठ्ठी लिहून दिली.

मंद्रूपला आरती सुधारली. मामा तपासणीला घेऊन यायचा. वजन वाढलं, पंपाचा डोस मी निम्म्यावर आणला. शाळेत लंगडीच्या शर्यतीत पहिली आली म्हणून सांगत होती. मी स्वतःवर खूश होते.

मग एक दिवस सुरेखा एकटीच ओपीडीत आली. नंबर लावून, पेशंटच्या स्टुलावर बसली.

"मी गेली की तिला धाप लागतीय मॅडम. मांडीवर येऊन बसती, रात्री शिट्टी सुरू. दोनदा झालं. वहिनी म्हणली, तुमीच येऊ नका थोडे दिवस. मी जाऊ का नको?"

तंबाखूची भुकटी केसांत बसते, लुगड्याच्या विणीत बसते, नखांत बसते. हे मला माहीत होतं. ते आईला तोंडावर कसं सांगायचं, हे मात्र कोणी शिकवलेलं नाही. मी डॉक्टरी आवाजात सांगितलं. गेल्याबरोबर डोक्यावरून आंघोळ कर. अंगावरचे कपडे पिशवीत घालून बाहेर ठेव. वहिनीचं धुतलेलं लुगडं नेस. मगच पोरीला जवळ घे.

तिनं तसंच केलं. जे सांगेन ते ही बाई करतेच. पुढच्या वेळी आली तेव्हा मी विचारलं, "धाप लागली का?"

"न्हाय. एकदाबी न्हाय."

"मग झालं की!"

"रातच्याला माझ्याजवळ झोपली न्हाय ती. मामीकडं गेली." सुरेखा हातांकडे बघत होती. "म्हणली, तुज्या अंगाला आईचा वास येत न्हाय."

आरतीचे रिपोर्ट आता उत्तम आहेत. ते बघून कोणीही म्हणेल, केस यशस्वी. नवे डॉक्टर माझ्याकडे शिकायला येतात, त्यांना मी एवढंच सांगते: घरातून काय काय काढायचं याची यादी पेशंटच्या हातात देण्याआधी, ते कोणाच्या अंगाला लागलंय तेवढं विचारून घ्या.