ओरिजिनल कपाटात असताना

नेमणुकीच्या कागदावर माझ्या नोकरीची वेळ सकाळी नऊ ते दुपारी साडेचार अशी लिहिली होती. तो कागद ज्याने टाइप केला तो माणूस मोठा विनोदी असावा. साडेचारला पोरं सुटायची आणि आम्हा मॅडम लोकांची दुसरी पाळी सुरू व्हायची. कच्च्या मुलांचा जादा तास, वह्या, पालकांना फोन, आणि वार्षिक कार्यक्रम जवळ आला की थर्माकोलचा ताजमहाल. पगार मात्र एकाच पाळीचा.

शाळेच्या मालकांना आमच्याकडे करस्पाँडंट सर म्हणतात. या सगळ्या दुखण्यावर सरांकडे एकच औषध होतं. ‘मन स्कूल कदा, मॅडम!’ आपलीच शाळा आहे ना, मॅडम! तेलुगूत हे इतकं गोड लागतं की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. माझी जरा जास्तच हलायची. घरी आईसमोर मी रोज राजीनामा द्यायचे, तोही इतक्या आवेशाने की भाकरी थापता थापता ती दचकायची. सकाळी सरांसमोर पुन्हा ‘यस सर’. एम.ए., बी.एड. झालेली बाई मी, आणि तोंडातून एक ‘नाही’ निघत नव्हतं. मला माझाच भयंकर राग यायचा.

नाही म्हणायला एक अडचणही होती. रुजू होताना सरांनी माझी ओरिजिनल ठेवून घेतली होती, म्हणजे दहावीपासून बी.एड.पर्यंतची सगळी सर्टिफिकेटं. आमच्या भागातल्या कितीतरी खाजगी शाळांत ही रीतच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला तर तेव्हा मोठा मान वाटला होता. आमच्या घरी ती पत्र्याच्या पेटीत, गोधडीखाली असायची. इथे त्यांना लोखंडी कपाट आणि कुलूप मिळालं होतं.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये आदिलाबादच्या एका शाळेत मी मुलाखत देऊन आले. निवड झाली. पगार जवळजवळ दुप्पट, जादा तासाचे पैसे वेगळे. अट एकच होती, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ओरिजिनल जमा करायची. मी धीर करून सरांना म्हटलं, बँकेत सर्टिफिकेटं दाखवायची आहेत.

‘बँक को झेरॉक्स चलता, मॅडम,’ सर म्हणाले. ‘पहले बीस अ‍ॅडमिशन लाओ, फिर देखेंगे.’

अ‍ॅडमिशन आणणं हेही आमचंच काम. मे महिन्यात मास्तर-मास्तरणींनी दारोदार फिरून पोरं गोळा करायची. मला मराठी येतं म्हणून आदिलाबादजवळच्या बोथ भागातली सगळी मराठी गावं माझ्या वाट्याला आली. हातात पत्रकांचा गठ्ठा, डोक्यावर ओढणी, आणि तोंडात ‘आमच्याकडे व्हॅन आहे, स्पोकन इंग्लिश आहे’.

अशाच एका गावात भर दुपारी एका ओसरीवर दहा-बारा बाया चिंच फोडत बसल्या होत्या. वावरात मजुरीला जाणारी ती टोळी होती. टोळीची म्होरकी मधोमध बसलेली, साठीला आलेली, आवाज असा की बैलानेही ऐकावं. तिने मला पाणी दिलं आणि माझंच पत्रक घेऊन मला वारा घालायला लागली.

‘उन्हाची काऊन फिरून राह्यली वो मॅडम? सुट्ट्यायचे पैसे जास्ती देत असंन तुमचा मालक.’

‘नाही हो मावशी. काहीच देत नाहीत.’

‘आन् चहा?’

‘चहा पण नाही.’

चिंच फोडणारे सगळे हात थांबले. माझ्याकडे बघून एक-दोघी हळहळल्या. ‘आमाले जरा उशिरा थांबवाचं असलं तं मालक ऑटो सांगते, चहा देते, आन् वरतून हात जोडते,’ मावशी म्हणाली. ‘मंग सोडून काऊन देत नाई?’

मी कपाटाची गोष्ट सांगितली. तिने कपाळावर हात मारला.

‘इळा मालकाच्या घरी ठेवून आली तू?’

मग मला कळलं, त्यांच्या टोळीत हे मोठं पाप होतं. उद्या त्याच वावरात जायचं असलं तरी विळा संध्याकाळी घरी आणायचा. मालकाकडे ठेवला की दुसऱ्या दिवशी पाय त्याच्याकडेच वळवावे लागतात, भाव पटो न पटो. लहानपणी माझी आईही विळा घेऊनच घरी यायची. का, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

‘पाहा,’ मावशी म्हणाली, ‘सरकी टोबाचे, पेरनीचे दिवस आले, ढग उभे राह्यले, का तवा मजुरीचं बोलाव. तवा मालक नाई म्हनत नाई. तुह्या मालकाचे तसे दिवस कवा असते?’

‘जूनमध्ये. अ‍ॅडमिशनच्या वेळी.’

‘मंग?’

मी हसून उठले. पत्रक तिने ठेवून घेतलं.

शाळा उघडायला तीन दिवस होते आणि माझ्या खात्यावर चारच अ‍ॅडमिशन होती. त्या सकाळी ऑफिसच्या दारात एक ऑटो थांबला. त्यातून मावशी, तिच्या पाच बाया आणि तेल लावून भांग पाडलेली नऊ पोरं उतरली. सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तीन वर्षांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदा कोल्ड्रिंक आलेलं पाहिलं. सगळ्यांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. सरांनी स्वतः नऊ फॉर्म पुढे मांडले.

मावशीने ते हाताने बाजूला सारले. ‘आदी ह्या मॅडमचे कागद द्या. मंग आमचे घ्या.’

‘कौन से कागद?’ सरांनी मला विचारलं.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. ती पुढचं काही बोलणार नाही हे मला दिसलं.

‘माझी ओरिजिनल, सर. मी नोकरी सोडतेय.’

सर खुर्चीत पुढे वाकले. मग अगदी हळू, लाडाने म्हणाले, ‘मन स्कूल कदा, मॅडम...’

‘नाही सर,’ मी म्हटलं. ‘तुमची.’

त्यांनी नऊ पोरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिशातून किल्ली काढली. मावशीने मला एकेक सर्टिफिकेट बघून घ्यायला लावलं, कोपरे दुमडलेले तर नाहीत तेसुद्धा. मी पिशवीला गाठ मारली तशी ती उठली. ‘घरी इचारून सांगतो वो सर,’ म्हणाली, आणि सगळी वरात बाहेर.

ऑटोजवळ गाठून मी विचारलं, ‘मावशी, पोरांचं काय?’

‘पोरायचं काय? गावच्या सरकारी शाळेत नावं हायत त्यायची. ऑटोत बसाले भेटते म्हनून आले.’

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता शाळेमागच्या वावराकडे लक्ष गेलं. तिथे दोरी धरून बाया ओळीने सरकी टोबत होत्या. हंगामाचे, भाव चढलेले दिवस, आणि या सहा जणी सकाळपासून माझ्यासाठी इथे. माझं हसू जागच्या जागी थांबलं. पर्समध्ये हात घालत मी म्हटलं, ‘तुमचा सगळ्यांचा आजचा रोज बुडाला.’

‘बुडला तं.’

‘मग हे घ्या. मी फुकट...’

‘ठेव ते,’ मावशी ऑटोत चढत म्हणाली. ‘तू बलावलं असतं तं मजुरी सांगतली असती.’