घाणेवाल्याची लेक

आमच्या दादाचा तेलाचा घाणा आहे. त्याच्या शर्टाला कायम तिळाचा वास. बढाई म्हणाल तर एकच, "माझ्या तेलात खोट काढून दाखवा!"

त्याची लेक, म्हणजे माझी भाची, शाळेत जायला लागली आणि तिच्या कोपरांवर, टाचांच्या वर पिवळट गाठी आल्या. रक्तात कोलेस्टेरॉल भरमसाट. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर कोवळ्या वयात हृदयाच्या नळ्या तुंबतील. त्यांनी गोळी दिली, लोणी-अंडी बंद केली.

दादाने कंबर कसली. "घरचं तेल, तीळ, मूठभर बदाम! बघा कशी ठणठणीत करतो."

गाठी वाढतच गेल्या. वहिनी लांब बाह्यांचे फ्रॉक शिवू लागली. मी देवापुढे बसले की पोरीशिवाय दुसरं मागणं नसे.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गाठी चाचपल्या आणि आईबापांचंच रक्त तपासलं. नेहमीचा आनुवंशिक आजार असता तर एकाचं तरी कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं असतं; दोघांचंही चोख. बाई विचारात पडल्या. "ही खाते काय?"

दादा खुलला. त्याने सगळं अभिमानाने सांगितलं.

"तेच बंद करायचं," बाई म्हणाल्या.

त्यांनी समजावलं, तेलबियांत, बदामांत कोलेस्टेरॉलसारखाच एक पदार्थ असतो. आपलं शरीर तो बाहेर टाकतं, हिचं साठवतं. आईबापांकडून एकेक दोष आला. त्यांच्यात एकटा म्हणून झाकलेला, हिच्यात दोन्ही जुळले म्हणून उघडा पडला. खास तपासणीत तेच निघालं.

"म्हणजे माझं तेल..."

"तुमचं तेल उत्तम आहे हो. हिच्यासाठी नाही."

घरी दादा तेलाच्या डब्याकडे बघत बसला. वहिनी म्हणाली, "तोंड पाडून काय बसलात? पोरगी मोठी की घाणा?"

"हे काय विचारणं झालं!" म्हणत दादाने स्वतःच स्वयंपाकघरातला तेलाचा डबा उचलून दुकानात नेला. सोबत नवी गोळी सुरू झाली, तो पदार्थ आतड्यातच अडवणारी. रक्तातलं कोलेस्टेरॉल हळूहळू उतरलं. गाठीही बसू लागल्या.

एक गिऱ्हाईक डोळे मिचकावत म्हणालं, "काय शेठ, तुमच्या घरी तेल चालत नाही म्हणे? भेसळ करता की काय?"

मला वाटलं, दादा आता भडकणार. त्याने शांतपणे माप उचललं. "तेल एक नंबर आहे. माझ्या लेकीला सोसत नाही, म्हणून तिला देत नाही. तुम्हाला सोसतं. किती देऊ?"

"दोन लिटर द्या," गिऱ्हाईक हसलं.

आखूड बाह्यांच्या फ्रॉकमधली भाची नरसाळं धरून उभी होती.

"बोट चाटायचं नाही हं," दादा म्हणाला.

"माहितीये हो, बाबा! तुम्ही सांडू नका."