संजीवनीबाईंची बोट हलली

बँकेतून निवृत्त झाल्यावर संजीवनी कर्वे यांनी एक जुनी मोटरबोट विकत घेतली, तीही चक्क राहायला. दोन केबिन, चिमुकलं स्वयंपाकघर, वर बसायला गच्ची.

"अगं, नळ गळला तरी मला ऑफिसात फोन करायचीस तू," नवरा निशिकांत म्हणाला. "आता तर चहूकडे पाणीच पाणी!" तो चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्येच राहिला. रविवारी डबा घेऊन पाहुण्यासारखा यायचा.

विकणाऱ्याने इंजिन ठणठणीत असल्याचं छातीठोक सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते साधं खोकायलाही तयार नव्हतं. आणि बोट जिथे उभी होती त्या मरिनाचा नियम असा, की वार्षिक तपासणीला बोट स्वतःच्या इंजिनावर बाहेर जाऊन परत आली पाहिजे, नाहीतर जागा सोडा.

लेक जाई हसली. "ममी, फ्लोट कॅन, मूव्ह कॅनॉट लाह!"

बोट तरंगते पण हलत नाही, हे मात्र संजीवनीला झोंबलं. तिने बोट चालवायच्या परवान्याचा क्लास लावला. पहिल्या परीक्षेत नापास झाली, तशी पुन्हा बसली आणि पास झाली. मेकॅनिक आला की ती पदर खोचून त्याच्या शेजारी इंजिनपाशी उतरायची. डिझेलच्या टाकीत पाणी शिरलेलं निघालं. दोघांनी टाकी उपसली, फिल्टर बदलले. तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा कुजका पाइप तर तिने एकटीने बदलला. कोपरं सोलवटली, पण पाइप बसला. इंजिन धडधडलं तेव्हा ती एवढ्याने ओरडली, की शेजारच्या बोटीवरचे मिस्टर गो धावत आले. तरी बोट जागची हलेना. पाणबुड्याने खाली जाऊन पाहिलं, तर बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर शिंपल्यांचा थर! तो खरवडून काढला.

तपासणीच्या सकाळी निशिकांत धक्क्यावर दोरी घट्ट धरून उभा होता.

"सोड ती!"

"मग मी काय धरू?"

"काही नको. उडी मार आत!"

त्याने मारली. दोन्ही बाजूंच्या महागड्या बोटींमधून संजीवनीने आपलं घर अलगद बाहेर काढलं. समुद्रात मोठा वळसा घेतला. परतताना वारा आडवा लागला, बोट तिरकी जाऊ लागली. तिने दात-ओठ आवळून चाक फिरवलं आणि बोट जागेवर अशी लावली, की धक्क्याला खरचटलंसुद्धा नाही. मिस्टर गोंनी टाळ्या पिटल्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने अंगठा वर केला.

निशिकांत अजून कठडा धरूनच होता. जरा वेळाने त्याने केबिनमध्ये डोकावून पाहिलं.

"हे कपाट केवढं आहे गं? माझे शर्ट मावतील?"