मशीनमामांच्या घरी येणारा पेपर

संध्याकाळच्या पेपराचं छपाईयंत्र चालवायचे म्हणून त्यांना सगळे मशीनमामा म्हणत. यंत्र सुरू झालं, की सुरुवातीच्या प्रती बिघडलेल्याच निघतात. चारही रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत पुढाऱ्यांना दोन नाकं आणि खेळाडूंना चार भुवया. या प्रती रद्दीत जायच्या. मामा त्यातलीच एक घरी न्यायचे. चांगली प्रत विकायची, बिघडलेली आपण वाचायची, हा त्यांचा बाणा. त्यामुळे गावाला बातम्या कळायच्या आणि मामींना त्या ओळखाव्या लागायच्या.

मामी तरणतलावावर पोहायला शिकवत. अर्धं गाव त्यांनीच पाण्यात ढकललेलं. त्या आता निवृत्त होत होत्या, म्हणून त्यांचा फोटो पेपरात येणार होता.

"मी ओळखू तरी येईन ना?" त्यांनी सकाळीच विचारलं.

"तू बघच," मामा ऐटीत म्हणाले. पण आतून त्यांना धाकधूक होती. इतक्या वर्षांत एकदा बायकोला खूश करायची संधी आली होती, आणि तीही त्यांच्याच हातात.

दुपारी छपाई सुरू झाली. इतर पानं लवकर जमली, पण मामींच्या गालावरचा लाल रंग कानाकडे पळत होता. मामांनी यंत्र थांबवलं. संपादक धावत आले.

"काय जळालं?"

"काही नाही. फोटो."

बाहेर गाड्या खोळंबल्या. मामा डोळ्याला भिंग लावून फोटोवर ओणवे झाले. रंग केसभर सरकवला, यंत्र चालवलं, पुन्हा थांबवलं. शेवटी फोटो असा उतरला, की चिडलेले संपादकही बघत राहिले. मामांनी समाधानाने हात धुतले, सवयीने कोपऱ्यातल्या ढिगातली एक प्रत उचलली आणि शीळ घालत घरी आले.

मामींनी पेपर उघडला.

"अहो, जन्म पाण्यात गेला माझा, पण मी दोन तोंडांची मगर नव्हते हो."

मामांचा चेहरा पडला. ते तसेच कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे पळाले.

"संपला," पेपरवाला म्हणाला. "बाईंनी शिकवलेले सगळे येऊन गेले. एकेकाने दोन-दोन नेले."

मामा हात हलवत परत आले. "उद्या प्रेसमधून आणतो," ते पुटपुटले.

"उद्याचं उद्या. तुम्ही पाहिलात ना चांगला? मग सांगा, कशी दिसत होते?"

"बरी."

"बरी म्हणजे?"

मामांनी मान खाली घातली. "डोळ्याच्या कडेला सुरकुत्या आल्यात तुझ्या. पोहायच्या चष्म्याचा वण पडलाय नाकावर. आणि हसताना एकच भुवई वर जाते. मला ठाऊकच नव्हतं."

"एवढं कधी पाहिलंत?"

"मशीन थांबवून."

मामींनी पेपर मिटला. मुलगा झाला त्या दिवशीही या माणसाने मशीन थांबवलं नव्हतं. शेवटचा गठ्ठा गाडीत चढवून मगच ते दवाखान्यात आले होते, आणि तो राग मामींनी आजवर जिवापाड जपला होता.

"किती वेळ थांबवलं होतं?"

"गाड्या उशिरा गेल्या. उद्या बोलणी खावी लागणार."

मामींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"मग खा," त्या म्हणाल्या.