दोन बोटं जागा

उलिपिकाचं नाव वन्यजीव खात्याच्या अहवालांमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारे छापलं गेलंय आणि तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. तेही शेवटच्या पानावर, आभार मानतात तिथे, विमान कंपनीच्या खाली. सतरा वर्षं या बाईनं पांढऱ्या अस्वलांची डोकी मांडीवर धरली, तेव्हा खात्यातल्यांची पुस्तकं झाली. मी इथे उत्तरेच्या बर्फात, गावच्या शिकारी मंडळाच्या ऑफिसात बसते. ते अहवाल माझ्याच टेबलावर येतात आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती मात्र हसायची. "अगं, चुकीचं का होईना, छापलंय तरी. तुझं तर तेही नाही."

ती जन्मली त्याच्या आदल्या हिवाळ्यात म्हातारा अकिशू वारला होता. आमच्यात गेलेल्याचं नाव नव्या बाळाला देतात आणि नावाबरोबर माणूसही परत येतो. अकिशूचं नाव हिला मिळालं. त्याचा मुलगा जेपिटी तेव्हा पस्तिशीचा होता. तो घरी आला, तान्ह्या मुलीसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "बाबा, आलात?" आज तो अठ्ठ्याहत्तरचा आहे, ती त्रेचाळीसची, आणि अजून ती त्याचे बाबा आहे. ती त्याला पोरा म्हणते. दुकानात सिगारेटचं पाकीट घेताना तो दिसला की मागून आवाज येतो, "पोरा, नर्सनं काय सांगितलंय?" आणि हा दात पडलेला पोरगा मुकाट्यानं पाकीट परत ठेवतो. यात थट्टा आहेच, पण नुसती थट्टा नाही. बाबांनी सांगितलेलं जेपिटी मोडत नाही.

ती खात्यात लागली स्वयंपाकीण म्हणून. दक्षिणेतून लेटन नावाचा शास्त्रज्ञ यायचा, त्याच्या तंबूत चहा आणि तळलेली रोटी करायला. दोन वर्षांत ती हेलिकॉप्टरमध्ये बसायला लागली. वरून झोपेच्या औषधाची सुई मारायची, अस्वल आडवं झालं की उतरायचं, डोकं मांडीवर घ्यायचं, मापं घ्यायची, वय कळावं म्हणून बारका दात उपटायचा, कानात बिल्ला घालायचा. उरलेलं वर्ष शिकाऱ्यांनी आणून दिलेले खालचे जबडे चिठ्ठ्या लावून ठेवायचे. खात्यानं तिला फ्रीझर दिला नाही, म्हणून जबडे तिच्या घरच्या फ्रीझरमध्ये, माशांच्या शेजारी. तिचा नवरा तौकी पाहुण्यांना सांगायचा, "मासा काढा बिनधास्त. दात दाखवतील, चावणार नाहीत."

आता पट्ट्याचं सांगते.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्यांनी एका तरुण अस्वलिणीच्या गळ्यात पट्टा बांधला. ती कुठे फिरते हे दक्षिणेत पडद्यावर दिसायचं. लेटन म्हणाला, "आत दोन बोटं जातील एवढी जागा ठेव." उलिपिका म्हणाली, "चार ठेवू. आत्ता ही उपाशी आहे. सीलची पिल्लं खाऊन उन्हाळ्यापर्यंत मान केवढी होईल!" लेटन म्हणाला, "चार ठेवलीस तर पट्टा डोक्यावरून निसटेल आणि सगळी मेहनत पाण्यात." हे तो सांगतोय कोणाला, तर जिनं लहानपणापासून अस्वलं सोललेली पाहिलीत तिला. पण तो शास्त्रज्ञ, ती मदतनीस. तिनं दोन बोटं ठेवली आणि बकल स्वतःच्या हातानं लावलं.

दोन वर्षांनी दक्षिणेतून कळ दाबायची आणि पट्टा आपोआप गळून पडायचा, असं ठरलं होतं. कळ दाबली. पट्टा पडला नाही. अहवालात छापून आलं की काही पट्टे अपेक्षेप्रमाणे सुटले नाहीत. काही म्हणे!

यंदा मार्चमध्ये ती जेपिटीबरोबर खाडीच्या तोंडाशी सीलच्या शिकारीला गेली. जेपिटीकडे या वर्षी टॅग होता, म्हणजे एक अस्वल मारायचा परवाना. टॅग चिठ्ठ्या टाकून मिळतात आणि त्याची चिठ्ठी सहा वर्षांनी निघाली होती. एक दांडगा नर मारीन आणि बंदूक पुसून ठेवून देईन, असं तो थंडीभर ज्याला त्याला सांगत होता. उलिपिकानं दुर्बीण लावली आणि ओरडली, "अस्वल!" आमच्यात जो आधी पाहतो कातडं त्याचं, मग गोळी कोणाची का असेना.

"मेले आणि परत आले, तरी बाबांचीच नजर तेज," जेपिटी कुरकुरला.

जवळ गेल्यावर दोघांचीही थट्टा संपली. कानातल्या बिल्ल्यावरून उलिपिकानं ओळखलं, तीच अस्वलीण. पट्टा दिसतच नव्हता. तो असायला हवा तिथे मान खाचेत गेली होती आणि छातीवरची लव पिवळी-लाल झाली होती. जेपिटीनं बंदूक उचलली.

"बाबा, हे बघवत नाही."

"थांब, पोरा. मी विचारते खात्याला. जनावरांचा डॉक्टर औषध घेऊन चार दिवसांत येऊ शकतो. पट्टा काढला तर जगेल ही."

जेपिटीनं बंदूक खाली घेतली.

फोन माझ्याच ऑफिसातून झाला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडे खात्यातली एक गोड आवाजाची बाई. "एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात टीम येतेच आहे."

"तोवर मरेल ती."

"फोटो पाहिला आम्ही. लांबचा आहे. त्यावरून जखम किती खोल ते ठरवता येत नाही."

"मी ठरवलंय ना. मी पाहिलंय."

"शिवाय तिला कोणी मारू नये, असं कळवा. तिची तीन वर्षांची माहिती आहे आमच्याकडे."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. झोपेचं औषध डॉक्टरबरोबर येतं आणि डॉक्टरबरोबरच परत जातं. सतरा वर्षं सुया भरून देणाऱ्या बाईला एक बाटली जवळ ठेवायची परवानगी नाही! तिनं आणखी तीनदा फोन केला. तीनदा तेच गोड उत्तर.

गावात बातमी लपत नाही. दुकानात म्हाताऱ्या तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. "कुत्र्याला बांधतात तसं बांधलं." "अस्वलाला सगळं ऐकू येतं, बायांनो. आता कशाला येतील ती आपल्याकडे?" ती दूध घेऊन निघून जायची.

बाराव्या दिवशी दोघांनी अस्वलिणीला पुन्हा गाठलं. सील श्वास घ्यायला वर येते त्या बर्फातल्या भोकापाशी ती आडवी पडली होती. मान वाकवता येत नसेल तर शिकार कशी करणार? दोन कावळे पाच हातांवर बसून वाट बघत होते. बर्फगाडीचा आवाज ऐकूनही ती उठली नाही. जेपिटीनं बंदूक खांद्याला लावली आणि परत खाली घेतली.

"बाबा, तुम्ही थांब म्हणाला होता."

"हो."

"मग आता तुम्हीच सांगायला पाहिजे."

"तुझा टॅग जाईल, पोरा. तुझा नर राहिला."

"माझी चिठ्ठी निघालीय हे त्या नराला कुठे ठाऊक आहे? सांगा तुम्ही."

"मार," ती म्हणाली.

पट्टा कापून काढायला तिला अर्धा तास लागला, हे मला जेपिटीनं सांगितलं. मांस कुत्र्यांनासुद्धा घातलं नाही, इतकं ते नासलं होतं. उलिपिका तडक माझ्या ऑफिसात आली, पिशवीतला जबडा टेबलावर ठेवला आणि फॉर्म मागितला.

फॉर्मवर मृत्यूच्या कारणासाठी तीन चौकोन आहेत. शिकार, स्वसंरक्षण, इतर. टॅग लावलाय म्हणजे शिकार. मग पुढच्या बैठकीत तेच लोक तक्ता दाखवून सांगणार की तुमच्या गावात माद्या फार मारल्या जातात, टॅग कमी करा. चोर सोडून संन्याशाला फाशी! उलिपिकानं इतरवर खूण केली आणि खाली लिहिलं : "गळ्यातला पट्टा. दोन बोटं जागा ठेवून बांधलेला. बांधणारी, उलिपिका अकिशू." खात्याच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदाच बरोबर लिहिलं गेलं.

दोन दिवसांनी गोड आवाज आला. "इतर खोडा. शिकार लिहा."

"का?"

"टॅग वापरलाय ना."

"टॅग जेपिटीचा. मारलं पट्ट्यानं."

"उलिपिका, तुमचा पुढच्या हंगामाचा करार माझ्यासमोर आहे, सहीसाठी."

मी हातानं खुणावत होते, की बाई, जरा दमानं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी हात खाली घेतला.

"मग नका करू सही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पट्टा त्यांचा होता गं. पण ते बारा दिवस माझे. मीच थांब म्हटलं."

तिची समजूत घालायला हवी होती. पण मला तिचाही राग आला, खरं तेच सांगते. सतरा वर्षं ज्यांना आपलं नाव धड लिहिता आलं नाही, त्यांच्या भरवशावर राहायचं? हे मी तिला तोंडावर सांगितलं. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली आणि जबडा उचलून घरी गेली.

आधी पाहिलं तिनं, म्हणून कातडं तिचं. तिनं ते खरवडलं, लाकडी चौकटीत दोऱ्यांनी ताणून बसवलं आणि वाळायला टेकवून ठेवलं माझ्या ऑफिसासमोरच्या, खात्याच्या ऑफिसच्या भिंतीला, दाराच्या बाजूला, केस बाहेर करून. गळ्याभोवती सगळीकडून पांढरी लव गेलेली, खालची काळी कातडी उघडी पडलेली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात टीम आली, आठ नवे पट्टे खोक्यांत घेऊन. जेपिटी चौकटीशेजारी घसरगाडीवर चहा पीत बसला होता. मी खिडकीतून पाहत होते, मग राहवेना म्हणून बाहेर आले.

"कोणाचं आहे हे?" लेटननं विचारलं.

"माझ्या बाबांचं."

"जरा सरकवाल का? दार पूर्ण उघडत नाहीये."

उलिपिका तेवढ्यात आली. "सरकवते. आधी हातमोजा काढ."

त्यानं काढला.

"त्या काळ्या पट्ट्यावर बोटं ठेव. दोन म्हणाला होतास ना?"

लेटननं तिच्याकडे पाहिलं, जेपिटीकडे पाहिलं आणि दोन बोटं ठेवली. बाजूला काळं कातडं उरलं. तिनं आपली दोन बोटं त्याच्या बोटांना लावून ठेवली. तेव्हा जागा भरली.

"चार," ती म्हणाली आणि निघून गेली. चौकट सरकवायला ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी लेटननं मला एक कागद दिला. मदतनीस पाहिजे, अनुभव असल्यास उत्तम. मी तो मंडळाच्या फळ्यावर लावला, अगदी मधोमध. नऊ दिवस लोक आले, वाचून गेले, जेपिटीनं तर दोनदा मोठ्यानं वाचला. नाव कोणी दिलं नाही. मदतनीसाशिवाय पट्टा बांधता येत नाही. आठही पट्टे आले तसे खोक्यांतच विमानात चढले.

चौकट अजून तिथेच आहे. त्या ऑफिसचं दार अर्धंच उघडतं.